दोन ‘सी’ आणि मधला एक पावसाळा



पेटची तयारी करणारे आणि सिनॉप्सिस घेऊन गाइडच्या केबिनबाहेर बसलेले, अशा दोघांसाठी आजची पोस्ट आहे. आज एक समीक्षा करायची आहे. पुस्तकाची नाही, एका चारपानी रिपोर्टची. आणि त्या रिपोर्टमागे उभ्या असलेल्या दोन सूत्रांची, जी तुम्ही-मी डोळे झाकून वापरतो. मी तर वापरलीच होती, ते पुढे सांगतो.

जागा नंदुरबार जिल्ह्यातली, नवापूर तालुक्यातली. सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेचा साधारण एक हेक्टरचा प्लॉट. दुकानांचे गाळे, मागे गोडाऊन, पुढे ट्रक वळतील एवढं काँक्रीट. प्लॉट कुणाचा, रिपोर्ट कुणाचा, हे मुद्दाम लिहीत नाही. तसे रिपोर्ट सगळीकडे सारखेच असतात, आणि तोच तर माझा मुद्दा आहे.

रिपोर्ट काय म्हणतो?

आधी न्याय करू. समीक्षेचा पहिला नियम तोच: समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे, मग बोलायचं.

रिपोर्टमध्ये रॅशनल पद्धत वापरली आहे. क्यू = सी × आय × ए ÷ ३६०. क्यू म्हणजे सर्वाधिक प्रवाह, घनमीटर प्रति सेकंद. आय म्हणजे पावसाची तीव्रता, ताशी मिलिमीटर. ए म्हणजे क्षेत्र, हेक्टरमध्ये. आणि सी म्हणजे अपधाव गुणांक: पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो तो आकडा.

रिपोर्टने २४ तासांत १२० मिमी पाऊस धरला. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत हा ‘अति जोरदार’ पाऊस, कारण ती पायरी ११५.६ मिमीला सुरू होते. आता २४ तासांच्या आकड्यावरून १५ मिनिटांचा आकडा काढायचा, तर आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं सूत्र म्हणजे वेळेच्या गुणोत्तराचं घनमूळ. ०.२५ भागिले २४, त्याचं घनमूळ साधारण ०.२१८. म्हणजे १५ मिनिटांत २६ मिमी, म्हणजेच ताशी १०५ मिमी. काँक्रीट आणि पत्र्यासाठी सी ०.९ धरला. उत्तर आलं ०.२६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २६० लिटर. ४५० मिमी व्यासाचा ह्यूम पाइप १:१०० उताराने टाकला तर तो भरून वाहताना सेकंदाला साधारण २८५ लिटर नेतो. पाइप पुरतो. रिपोर्ट संपला.

कॅल्क्युलेटर घेऊन बसा, गणितात चूक सापडणार नाही. मी तीनदा केलं.

मग बिघडलं कुठे?

प्लॉटच्या खालच्या अंगाला भाताचं आणि त्याला लागून तुरीचं शेत आहे. जुलैत मी तिथे गेलो तेव्हा पाइपाच्या तोंडापासून शेतात एक घळ पडली होती. सुरुवातीला गुडघाभर खोल, पुढे पसरत गेलेली. घळीच्या शेवटी भाताच्या खाचरात मुरमाचा आणि भरावाच्या मातीचा थर. मी माझ्या परीने शेतकरीदादांना समजावायला लागलो की काँक्रीटमुळे पाणी वाढतं वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाणी तर आधीही यायचं, साहेब. सगळ्या बांधावरून यायचं. आता एकाच जागी येतं.”

मित्रांनो, दोन वर्षं मी जे वाचत होतो ते या एका वाक्यात होतं. आणि ते रिपोर्टमध्ये नव्हतं.

गणितच करून बघा. तोच पाइप, तोच १:१०० उतार. भरून वाहताना पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास १.८ मीटर येतो. मातीच्या उघड्या चारीत साधारण ०.६ ते १ मीटरच्या वर वेग गेला की माती सुटायला लागते. म्हणजे पाइप स्वतःपुरता उत्तम आहे. त्याचं तोंड जिथे उघडतं तिथल्या मातीला मात्र तो वेग सोसत नाही. रिपोर्टचं गणित पाइपाच्या तोंडाशी थांबतं आणि दादांचं शेत तिथूनच सुरू होतं.

दुसरं गणित. प्लॉट होण्याआधी तिथे शेत होतं. सी साधारण ०.३५ धरा, आणि बांध, ताली, गवत यांतून पाणी खाली यायला अर्धा तास धरा. त्याच १२० मिमीतून अर्ध्या तासाची तीव्रता ताशी ६६ मिमी निघते आणि प्रवाह सेकंदाला ६४ लिटर. आधी ६४, आता २६०. चौपट! यातला अर्ध्याहून जास्त वाटा सी बदलल्याचा आहे, उरलेला पाणी लवकर पोचल्याचा. रिपोर्टमध्ये ‘आधी’चा आकडाच काढलेला नाही. कुणी मागितलाच नव्हता.

पहिला ‘सी’: कुठून आला, कुणाचा आहे?

रॅशनल पद्धतीचा विचार आयर्लंडमध्ये मुलव्हेनीने १८५१ मध्ये मांडला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी कुइचलिंगने १८८९ मध्ये ती वापरण्याजोगी केली. गटाराचा पाइप किती मोठा हवा, या प्रश्नासाठी ती जन्मली. त्या प्रश्नाचं उत्तर ती अजूनही बरं देते. माती किती जाईल, घळ पडेल का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा सूत्राला दोष देऊ नका, आपण त्याला काय विचारतोय ते बघा.

सी एकच आकडा असतो, पण आपली काळी माती वर्षभर एकच नसते. मेअखेरीला जमिनीला हात जाईल अशा भेगा असतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगा गिळतात, वाहून फारसं काही जात नाही. ऑगस्टपर्यंत चिकणमाती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन जवळपास काँक्रीटसारखी वागते. म्हणजे जूनचा सी वेगळा, ऑगस्टचा वेगळा. तक्त्यात मात्र ‘शेतजमीन, भारी माती’ या ओळीपुढे एकच पट्टा असतो.

इथे तुमच्यासाठी एक सावधगिरी. दुहेरी वलयाचं उपकरण घेऊन तुम्ही मेमध्ये मुरण्याचा वेग मोजायला गेलात आणि वलय भेगेवर बसलं, तर आकडा इतका मोठा येईल की गाइड खूश होतील. तो आकडा भेगेचा आहे, मातीचा नाही. मोजणी कोणत्या महिन्यात केली हे तक्त्यात लिहा. नाहीतर व्हायव्हात कुणीतरी विचारेलच, आणि विचारायलाच हवं.

पावसाचंही तसंच. बहुतेक ठिकाणी हाताशी असतो तो सकाळी साडेआठ ते साडेआठ असा २४ तासांचा आकडा. पहाटे सहाला सुरू होऊन अकराला थांबलेला पाऊस दोन दिवसांत वाटला जातो आणि दोन्ही दिवस ‘मध्यम’ दिसतात. त्यावर घनमूळ लावून आपण १५ मिनिटांचा पाऊस ‘काढतो’. कोकणाला जे घनमूळ, तेच सातपुड्याच्या पायथ्यालाही. सूत्र वापरू नका असं मी म्हणत नाही, दुसरं काही नसेल तर काय करणार? पण उत्तर १०४.८ असं दशांशापर्यंत लिहू नका. ‘साधारण १००’ म्हणा, तेवढंच आपल्याला माहीत आहे.

पाऊस किती धरायचा, हे कोण ठरवतं?

हा भाग नीट वाचा, कारण इथे तांत्रिक वाटणारी गोष्ट खरं तर तांत्रिक नाही.

केंद्र सरकारच्या सीपीएचईईओने १९९३ मध्ये काढलेलं मलनिस्सारणाचं मॅन्युअल आपल्याकडे वर्षानुवर्षं प्रमाण मानलं गेलं. पावसाळी गटार किती वेळा तुंबलं तर चालेल, याचा त्यातला निकष असा: कडेची निवासी वस्ती, वर्षातून दोनदा. मध्यवर्ती, तुलनेने महाग निवासी भाग, वर्षातून एकदा. व्यापारी आणि महाग भाग, दोन वर्षांतून एकदा. म्हणजे जमिनीचा भाव जितका जास्त तितकं गटार मोठं. नुकसानीच्या किमतीवर खर्च ठरवायचा, असा त्यामागचा हिशोब. अभियांत्रिकीत तो नवा नाही आणि शहराच्या आत काही अंशी पटतोही.

पण तो आपल्या प्लॉटवर आणून ठेवा. प्लॉट व्यापारी, म्हणून वरच्या दर्जाचं गटार. खालचं शेत? ते या यादीत नाहीच. ते ‘क्षेत्र’ नाही, ते ‘आउटफॉल’ आहे. पाणी जिथे सोडायचं ती जागा. २०१९ मध्ये याच संस्थेने पावसाळी पाण्यासाठी स्वतंत्र मॅन्युअल काढलं आणि ते पुष्कळ पुढे गेलेलं आहे, जरूर वाचा. तरी वाचताना शहराचा आकार आणि भागाचं महत्त्व यांनुसार निकष कसे उतरत जातात ते बघा, आणि शेजारी पेन्सिलीने लिहा: याच्या खाली कोण राहतं?

कायद्याचंही थोडं. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत इमारत प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे. आपल्या एक हेक्टरच्या प्लॉटचं बांधकाम त्याच्या आतच राहतं. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या प्लॉटना पावसाचं पाणी जिरवण्याची अट आहे, पण ती पाणी साठवण्या-मुरवण्यासाठी. बांधकाम चालू असताना माती अडवण्याबद्दल ती फार बोलत नाही. तुलनेला अमेरिका घ्या. तिथे एक एकर किंवा जास्त जमीन उकरायची असेल तर पावसाच्या पाण्याबरोबर माती बाहेर जाणार नाही याचा आराखडा आधी करून परवाना घ्यावा लागतो. एक एकर! आपला प्लॉट अडीच एकर आहे.

दुसरा ‘सी’

आता माती. मातीच्या धुपेसाठी आपण सगळे जिकडे धावतो ते समीकरण म्हणजे यूएसएलई, विशमायर आणि स्मिथ यांचं. १९६५ आणि १९७८ च्या दोन पुस्तिकांतून ते जगभर गेलं. पाच-सहा घटकांचा गुणाकार: पावसाचा मारा, मातीचा स्वभाव, उताराची लांबी-तीव्रता, आच्छादन आणि उपाय. यातल्या आच्छादनाच्या घटकाचं अक्षरही सी.

गंमत बघा. रॅशनलचा सी काँक्रीटला ०.९, म्हणजे जवळपास सगळ्यात वाईट. यूएसएलईचा सी उघड्या, मोकळ्या मातीला १, म्हणजे सगळ्यात वाईट. काँक्रीट झाल्यावर तिथून माती जातच नाही. म्हणजे पाण्याचा धोका बांधकाम संपल्यावर सर्वात जास्त, आणि मातीचा धोका बांधकाम चालू असताना सर्वात जास्त. रिपोर्ट फक्त संपलेल्या इमारतीकडे बघतो. भराव टाकलाय, रोलर फिरलाय, प्लिंथ अर्धी झालीय आणि ठेकेदार गावाला गेलाय, असा जो एक पावसाळा मध्ये येतो, त्याचं गणित कुणाच्याच फाइलमध्ये नाही. दादांच्या खाचरात मुरूम आला तो त्या पावसाळ्यात.

आता माझी चूक. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी ठणकावून लिहिलं होतं की या प्लॉटची धूप मी यूएसएलई आणि जीआयएसने काढणार. रंगीत नकाशाही जोडला होता. आरएसीच्या बैठकीत एका सरांनी तीन प्रश्न विचारले. तेच तुम्हाला देतो.

एक, उंचीची माहिती कुठली? मी म्हटलं, एसआरटीएम, ३० मीटरचा पिक्सेल. एक हेक्टरमध्ये असे अकराच पिक्सेल बसतात. आणि ते मोजमाप फेब्रुवारी २००० चं आहे. मी ज्या भरावाची धूप मोजायला निघालो होतो तो भराव त्या नकाशात जन्मलाच नव्हता.

दोन, उतार किती? भरावाची बाजू १:१.५, म्हणजे सुमारे ६७ टक्के. ते समीकरण ज्या प्रयोगांवर उभं आहे त्यांचे उतार साधारण ३ ते १८ टक्के. मी सूत्राला त्याच्या गावाबाहेर नेऊन साक्ष द्यायला लावत होतो.

तीन, पावसाचा मारा कसा काढला? आपल्याकडच्या प्रबंधांत रूढ आहे तसा: ७९ अधिक ०.३६३ गुणिले वार्षिक पाऊस. १,००० मिमीला ४४२. मग हेच १,००० मिमी सत्तर दिवसांत रिमझिम पडले काय आणि निम्मे चार दिवसांत कोसळले काय, उत्तर ४४२ च. माती या दोन पावसांना सारखंच मानते का?

मी गप्प. आणि लाज वाटली ती पुढे वाचल्यावर: खुद्द विशमायरनेच १९७६ मध्ये या समीकरणाच्या वापर-गैरवापरावर लेख लिहून ठेवलाय. ते दीर्घकाळाच्या सरासरीसाठी आहे, चादरीसारख्या आणि लहान ओघळांच्या धुपेसाठी आहे. घळीसाठी नाही, एका वादळासाठी नाही. मूळ लेखक सांगून गेला होता, मी फक्त त्याचं सूत्र उचललं होतं. म्हणून सांगतो, सूत्र ज्या लेखातून घ्याल तो लेख शेवटपर्यंत वाचा. मर्यादा शेवटीच लिहिलेल्या असतात.

उपायही उसने

रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: ‘आवश्यकतेनुसार सिल्ट फेन्स लावावे.’ ही ओळ बाहेरच्या पुस्तिकांतून चालत आली आहे. सिल्ट फेन्स म्हणजे कापडी कुंपण, त्याच्या मागे पाणी तुंबतं आणि गाळ खाली बसतो. वाळू, भरड गाळ चांगला बसतो. पण काळ्या मातीतला चिकणकण दोन मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक. शांत पाण्यातही असा कण दिवसाला जेमतेम ३० सेंटीमीटर खाली जातो. मीटरभर खोल खड्ड्यात तळाला जायला तीन दिवस. पावसाळ्यात तीन दिवस पाणी शांत कुठे राहतं? तेव्हा अशा मातीत एकदा सुटलेला कण पकडणं अवघड, तो सुटू न देणं सोपं.

आणि हे ज्ञान आपल्याकडे नाही असं नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून झालं. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यामागोमाग समपातळी बांधांची कामं झाली. त्यातून एक धडा मिळाला: खोल काळ्या मातीत समपातळी बांध घातला तर पाणी मागे साचतं, पीक सडतं, उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात तो तिथूनच फुटतो. म्हणून अशा जमिनीत किंचित उताराचे बांध सुचवले गेले. पाणी कोंडायचं नाही, हळू चालवत सुरक्षित जागी न्यायचं. हा धडा मृद्संधारणाच्या पुस्तकात आहे आणि प्लॉटचा रिपोर्ट लिहिणारा स्थापत्य अभियंता ते पुस्तक उघडत नाही. दोन विभाग, दोन कपाटं.

तो धडा प्लॉटवर आणला तर काय दिसेल? वरून येणारं पाणी प्लॉटमध्ये शिरण्याआधी चर काढून बाजूला घ्यायचं. मातीचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि मृगाआधी भरावाच्या बाजू झाकायच्या. नवापूरकडे भाताचा पेंढा मिळतो, तोही चालतो. आधी खालचा गाळखड्डा, मग भराव, उलट नाही. पाइपाच्या तोंडाशी दगडांचं पिचिंग, आणि त्यापुढे एका पातळीतली लांब दगडी कड, म्हणजे पाणी परत पसरून बांधावरून जाईल. दादा म्हणाले तसं, आधी यायचं तसं. यातलं काहीही महाग यंत्र मागत नाही. मागतं ते कामाचा क्रम.

समोरची बाजू

रिपोर्ट लिहिणाऱ्या अभियंत्याशीही बोललो. चिडले नाहीत. म्हणाले, “मला पाइपाचा साइज विचारला होता, तो मी दिला. शेताचं विचारलं असतं तर तेही दिलं असतं. विचारणार कोण?” हे खरं आहे. त्यांना खलनायक करून माझी समीक्षा सोपी झाली असती, पण खोटी झाली असती.

तसाच एक मोह तुमच्यासाठी. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात रंगावलीला अचानक पूर आला, माणसं गेली, घरं वाहिली. नंदुरबारमध्ये पाण्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो पूर प्रस्तावनेच्या पहिल्या ओळीत घालावासा वाटतो. मीही घातला होता, मग खोडला. एका हेक्टरच्या काँक्रीटने नदीचा पूर येत नाही. माझ्या अभ्यासाचा त्या मृत्यूंशी संबंध मी दाखवू शकत नसेन, तर ते माझ्या प्रस्तावनेत वजन आणायला वापरण्याचा मला हक्क नाही. माझा विषय लहान आहे: एक पाइप, एक घळ, एक खाचर. ते खाचर ज्याचं आहे त्याच्यासाठी तो विषय लहान नाही.

आता सिनॉप्सिस बदललाय. रंगीत नकाशा काढून टाकला. घळीचे सहा छेद टेपने मोजतोय, दर मोठ्या पावसानंतर. पाइपाच्या तोंडाशी बाटल्या भरून गाळ वाळवून वजन करतोय. प्लॉटवर कामगारांच्या खोलीच्या छपरावर मालकाच्या परवानगीने साधं पर्जन्यमापक ठेवलंय, आणि दर १५ मिनिटांची नोंद मिळते. आकडे थोडे आहेत, पण ते या जागेचे आहेत.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या गावातल्या कुठल्याही नव्या प्लॉटचं पाणी कुठून बाहेर पडतं ते जोराचा पाऊस थांबल्याबरोबर जाऊन बघा. पाण्याबरोबर खाली चालत जा, ते जिथे पसरतं तिथपर्यंत. तिथे कुणी भेटलं तर आधी त्यांना बोलू द्या. मी नेमकं उलट केलं होतं.

पुढच्या पोस्टमध्ये बाटलीतल्या पाण्यातून गाळ कसा मोजायचा ते लिहितो. ओव्हन नसेल तरी चालेल, वजनकाटा मात्र चांगला लागेल. भेटूच.